विद्याशाखांची महाविद्यालयं करताय? आधी सह्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक असलेल्या मॅडमच्या गळ्यात पुनर्रचना समितीचं समन्वयकपद पडलंय. सध्या सहा विद्याशाखा आहेत, त्यांची चार 'अर्ध-स्वायत्त महाविद्यालयं' करायची आहेत. कुलगुरू स्कॉटलंडमधलं एडिंबरा विद्यापीठ पाहून आलेत आणि पुढच्या जूनपासून नवी रचना हवी म्हणतात. समितीच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्ही मानसशास्त्र कुठे जाणार या एकाच मुद्द्यावर संपल्या. मॅडम विचारतात, "विभागांची वाटणी करायचं काही सूत्र आहे का?"

मॅडम, सूत्र नाही. तीन बैठका मानसशास्त्रावर गेल्या याचं मला नवलही नाही. वाटणी म्हटली की सगळ्यांना आपापल्या भिंती आठवतात. पण कुलगुरू ज्या एडिंबऱ्याचं नाव घेतात तिथे मानसशास्त्र हे तत्त्वज्ञान आणि भाषाविज्ञानाच्या सोबतीने मानव्यविद्यांच्या महाविद्यालयात आहे. तिथून रेल्वेने तासाभरावर असलेल्या ग्लासगोत तेच मानसशास्त्र वैद्यक आणि जीवशास्त्रांच्या महाविद्यालयात आहे. दोन्हीकडे विषय व्यवस्थित शिकवला जातो. तेव्हा तो वाद आज बाजूला ठेवा, शेवटी बघू.

माझी ओळख एवढीच की मी एकतीस वर्षं विद्यापीठ प्रशासनात काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, उपकुलसचिव म्हणून बाहेर पडलो. आस्थापना, परीक्षा, शैक्षणिक, सभा विभाग अशी बहुतेक सगळी टेबलं फिरून झाली. निवृत्तीनंतर दोन संस्थांच्या अशाच पुनर्रचनेत सल्लागार म्हणून बसलो. एक बरी जमली, दुसरी तीन वर्षांत गुंडाळावी लागली. खाली जे लिहितोय ते बरंचसं त्या दुसरीने शिकवलेलं आहे.

तुम्ही विचारलंय ते विभागांबद्दल, पण तुमची अडचण विभागांची नाही. आज जी फाईल वर जाते, त्यातली कोणती फाईल उद्या महाविद्यालयातच संपणार, हे तुमच्या समितीने अजून ठरवलेलं नाही. ते ठरेपर्यंत चार महाविद्यालयं करा की चौदा, फरक फक्त पाट्या रंगवणाऱ्याला पडेल.

विद्याशाखेकडे आज नेमकं काय असतं ते आधी पाहा. आपल्याकडे विद्याशाखा म्हणजे विषयांची मोट. सार्वजनिक विद्यापीठांसाठी महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने चारच विद्याशाखा ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अधिष्ठाता पूर्णवेळ झाला. तरी अधिष्ठात्याचं काम अभ्यासक्रम, अभ्यास मंडळं, संशोधनाचा दर्जा याभोवतीच फिरतं. पैसा वित्त विभागाकडे, माणसं आस्थापनेकडे, पेपर परीक्षा विभागाकडे, खोल्या आणि नळ स्थावर विभागाकडे. खासगी विद्यापीठांत पदांची नावं वेगळी, पण मांडणी जवळपास हीच, फक्त सगळ्यांच्या वर संस्थेचं विश्वस्त मंडळ. म्हणजे विद्याशाखा मोडून महाविद्यालय करताना तुम्हाला विद्याशाखेकडून घेण्यासारखं फार काही मिळतच नाही, कारण तिच्या ताब्यात फारसं काही नव्हतंच.

मग महाविद्यालयाला द्यायचे अधिकार आणणार कुठून? दोनच जागा आहेत. एक, वरून: कुलसचिव, वित्त अधिकारी, परीक्षा संचालक यांच्या कार्यालयांतून. दुसरी, खालून: विभागप्रमुखांच्या हातून. वरून काढणं अवघड असतं, खालून काढणं सोपं. म्हणून बहुतेक ठिकाणी होतं काय, तर वरचा माणूस एकही सही सोडत नाही आणि विभागप्रमुखाकडे होते ते चार छोटे अधिकार नव्या महाविद्यालय प्रमुखाच्या टेबलावर जातात. बाहेर सांगायचं स्वायत्तता आली, आणि आत मात्र फायलीला एक मजला वाढतो. ज्या संस्थेचं गुंडाळलं गेलं म्हटलं, तिथे नेमकं हेच झालं. पूर्वी विभागप्रमुख काचसामानाची मागणी थेट भांडारात पाठवायचा. पुनर्रचनेनंतर ती महाविद्यालयाच्या कार्यालयातून 'शिफारशीसह सादर' होऊन भांडारात जायला लागली. रसायनशास्त्राच्या मुलांनी सप्टेंबरात मागितलेले ब्यूरेट डिसेंबरात आले. तोवर सत्र संपलं होतं.

आता सह्यांकडे येतो. पहिल्या संस्थेत, जिथे जमलं, तिथे समितीचा एकही तक्ता काढण्याआधी आम्ही एक शनिवार फायली चाळण्यात घालवला. गेल्या वर्षभरातल्या साठ नस्त्या काढल्या: पाहुण्या व्याख्यात्यांचं मानधन, प्रयोगशाळेची खरेदी, तासिका तत्त्वावरच्या नेमणुका, मुलांच्या सहलीची परवानगी, अभ्यासक्रमातले किरकोळ बदल. सभागृहातली टेबलं जोडली आणि सगळ्या पसरल्या. मग प्रत्येक सहीखाली एकच प्रश्न विचारला: या सहीमुळे फाईलमध्ये काही बदललं का?

त्यातली एक नस्ती मला अजून आठवते. मुंबईहून आलेल्या व्याख्यात्याचं दीड हजार रुपये मानधन आणि रेल्वेचं भाडं. विभागाच्या लिपिकाने बिल केलं, विभागप्रमुखांनी सही केली. मग ते आवक नोंदवहीत चढलं, लेखा सहायकाने टिपणी लिहिली, कक्षाधिकाऱ्याने 'सादर' म्हटलं, सहायक कुलसचिवांनी 'सादर' म्हटलं, वर कोणीतरी पेन्सिलीने 'चर्चा करावी' लिहिलं. चर्चा कोणाशी, कशाबद्दल, काही नाही. ते दोन शब्द ज्यांनी वापरलेत त्यांनाच कळतं की त्यांचा अर्थ 'आठवडाभर नको' असा असतो. फाईल उतरली, चढली, लेखापरीक्षणाने तिकिटाची मूळ प्रत मागितली, ती पाहुण्यांकडेच राहिली होती. एकूण चौदा सह्या आणि सत्तेचाळीस दिवस. त्या चौदांपैकी काही बदल घडवणाऱ्या सह्या तीन: बिल बरोबर आहे असं म्हणणारी, अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या शीर्षाखाली पैसे शिल्लक आहेत असं म्हणणारी आणि पैसे द्या असं म्हणणारी. बाकीच्या अकरा नुसत्या पुढे ढकलणाऱ्या.

साठही नस्त्यांचा असा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा समितीतले प्राध्यापक आणि प्रशासनातले लोक पहिल्यांदा एकाच गोष्टीबद्दल बोलायला लागले. तोवर प्राध्यापकांना वाटत होतं की कार्यालय मुद्दाम अडवतं, आणि कार्यालयाला वाटत होतं की प्राध्यापकांना नियम नकोत. फळा बघून कळलं की दोघांनाही त्या अकरा सह्यांचा कंटाळा आलाय. मग अधिकार प्रदानाचा तक्ता बनवला: अमुक रकमेपर्यंत विभागप्रमुख, त्याच्या वर तमुक रकमेपर्यंत महाविद्यालय प्रमुख, त्यापुढे केंद्र. रकमा काय ठेवायच्या हे तुमच्या उलाढालीवर अवलंबून आहे, त्यात मी पडत नाही. पण एक नियम आम्ही कटाक्षाने पाळला: कोणत्याही कामात महाविद्यालयाची एक सही वाढली तर केंद्राच्या निदान दोन कमी झाल्याच पाहिजेत. हे वाक्य ठरावात शब्दशः घातलं, आणि ते घातलं म्हणूनच टिकलं.

इथे तुमच्या परिस्थितीबद्दल थोडं. तुमचं विद्यापीठ सार्वजनिक आहे, अभिमत आहे की स्वतंत्र कायद्याने आलेलं खासगी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सहा विद्याशाखा म्हणजे बहुधा सार्वजनिक नसावं, पण मी गृहीत धरत नाही. त्यावर बरंच काही ठरतं. सार्वजनिक विद्यापीठ असेल तर विद्याशाखांची संख्या कायद्यातच आहे, ती तुमची समिती बदलू शकत नाही. फार तर विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांची आतली मांडणी बदलता येते, तीही परिनियमांच्या चौकटीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि सोलापुरात आवारातल्या विभागांची 'संकुलं' आहेत, ती तुमच्या कुलगुरूंना एकदा दाखवा. एडिंबऱ्यापेक्षा जवळ पडतात आणि आपल्याच कायद्याखाली चालतात. खासगी किंवा अभिमत असाल तर हात बरेच मोकळे, पण पदवी विद्यापीठच देणार, महाविद्यालय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं बाविसावं कलम त्याबाबत स्पष्ट आहे. त्यामुळे पदवीच्या कागदावर महाविद्यालयाचं नाव कुठे आणि कसं येणार हे आधीच वकिलाकडून तपासून घ्या.

'महाविद्यालय' या शब्दाचीच एक भानगड आहे, विशेषतः पुण्यात. १९४९ पासून इथे विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतलं पुणे विद्यापीठ आणि महाविद्यालय म्हणजे त्याला संलग्न असलेलं, गावातलं किंवा नगर-नाशिकमधलं, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. 'स्वायत्त महाविद्यालय' म्हटलं की फर्ग्युसनसारखी स्वायत्त दर्जा मिळालेली महाविद्यालयं डोळ्यांसमोर येतात. त्यांची स्वायत्तता आयोगाच्या नियमांनी ठरते. नियामक मंडळ, विद्यापरिषद, अभ्यास मंडळं, वित्त समिती अशी मंडळंही त्यांना ठेवावी लागतात. तुमचं जे होणार ते यातलं काहीच नाही. ती विद्यापीठाच्या पोटातली एक व्यवस्था असेल. प्रवेशाच्या दिवसांत पालक खिडकीपाशी येऊन "म्हणजे हे आता विद्यापीठ राहिलं नाही का?" असं विचारतात, हे मी स्वतः ऐकलंय. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर दोन ओळींत खुलासा करा. फार्मसी, विधी, वास्तुशास्त्र असे विषय असतील तर त्या त्या परिषदांच्या मान्यता कोणत्या नावावर आहेत तेही बघा. नाव बदललं की त्यांना कळवावं लागतं, आणि त्या आपल्या वेळापत्रकानेच चालतात.

आता पैसा. इथेच बहुतेक पुनर्रचना फसतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

महाविद्यालयाला स्वतःचं अंदाजपत्रक हवं, नाहीतर अर्ध-स्वायत्त शब्दातला 'स्वायत्त' गळून पडतो. मग लगेच पुढची मागणी येते: आमच्या मुलांची फी आमच्याकडे जमा करा. ऐकायला न्याय्य वाटतं. व्यवस्थापन आणि संगणकवाल्यांना तर फारच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९७० च्या दशकात अशीच व्यवस्था आणली, आणि हार्वर्डमध्ये तर प्रत्येकाचं पिंप ज्याच्या त्याच्या बुडावर उभं राहावं अशी म्हणच आहे. पण पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणीसुद्धा प्रत्येक घटकाच्या उत्पन्नातला काही वाटा केंद्राकडे जातो आणि तिथून गरजेप्रमाणे परत वाटला जातो. आपल्याकडे लोक ती म्हण उचलतात आणि हा दुसरा भाग सोडून देतात.

तो दुसरा भाग नसला की काय होतं ते एका हिशेबातून दाखवतो. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. समजा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ६०० मुलं आहेत आणि त्यांना गणिताचे चार क्रेडिट गणित विभाग शिकवतो. म्हणजे २,४०० विद्यार्थी-क्रेडिट झाले. वर्षाची फी १,२०,००० रुपये आणि क्रेडिट ४०, तर एका क्रेडिटमागे ३,००० रुपये. या एका विषयाचे झाले ७२ लाख. जुन्या रचनेत हा आकडा कोणी काढतच नव्हता, कारण पैसा एकाच तिजोरीत होता. नव्या रचनेत अभियांत्रिकी एका महाविद्यालयात आणि गणित दुसऱ्या. अभियांत्रिकीच्या प्रमुखाने ७२ लाख बघितले की तो म्हणणार, यापेक्षा तासिका तत्त्वावर चार माणसं घेतली तर दहा-बारा लाखांत काम होतं. हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही. पण त्याने तसं केलं की गणित विभागाचा कार्यभार अर्ध्यावर येतो, तिथली पदं अतिरिक्त ठरतात, आणि दोन वर्षांनी एम.एस्सी. गणित बंद करायचा प्रस्ताव विद्यापरिषदेपुढे येतो. कोणीही गणित बंद करायचं ठरवलेलं नसतं.

त्या फसलेल्या संस्थेत संख्याशास्त्र एकाच इमारतीत तीन ठिकाणी शिकवलं जायला लागलं. तळमजल्यावर 'व्यवसायासाठी संख्याशास्त्र', पहिल्या मजल्यावर 'जैवशास्त्रासाठी', आणि वर मूळ विभाग, ज्याच्याकडे कोणी येत नव्हतं. विभागप्रमुख मला म्हणाले होते, "सर, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत म्हणून मुलं चढत नाहीत, असं आता आम्ही एकमेकांना सांगतो."

म्हणून माझा सल्ला: फी सगळी केंद्रात जमा व्हावी, आणि वाटप करताना शिकवणाऱ्या महाविद्यालयाला आणि मुलं ज्याची आहेत त्या महाविद्यालयाला ठराविक प्रमाणात वाटा मिळावा. वरच्या उदाहरणात ६०-४० धरलं तर गणिताकडे ४३.२ लाख आणि अभियांत्रिकीकडे २८.८ लाख. प्रमाण काय ठेवायचं यावर भांडा, खुशाल भांडा, पण दोन गोष्टी आधी लिहून घ्या. एक, कोणताही विषय ज्या विभागाचा आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या महाविद्यालयाला तो सुरू करायचा असेल तर मूळ विभागाची लेखी ना-हरकत आणि विद्यापरिषदेची मान्यता लागेल. दोन, केंद्र स्वतःचा वाटा घेणार आणि त्यातला काही भाग तोट्यातल्या पण हव्या असलेल्या विभागांना देणार, हे उघडपणे, दरवर्षी, आकड्यासकट जाहीर होईल. संस्कृत, तत्त्वज्ञान, भौतिकशास्त्र यांना दयेवर ठेवू नका. व्यवस्थापनाच्या महाविद्यालयालाही कळू दे की त्याच्या नफ्यातून कोणाचे दिवे चालतात. लपवलं की चार वर्षांनी तेच वाक्य चिडून बाहेर येतं.

केंद्राने किती वाटा घ्यावा? वीज, ग्रंथालय, वसतिगृह, सुरक्षा, परीक्षा, हे खर्च कोण करणार त्यावर ते अवलंबून आहे. मी पाहिलेल्या दोन संस्थांत ते प्रमाण इतकं वेगळं होतं की एकाचा आकडा दुसऱ्याला सांगून काही उपयोग नाही.

परीक्षांबद्दल थोडक्यात. प्रश्नपत्रिका आणि अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाकडे द्या. निकाल, गुणपत्रक, क्रेडिटची नोंद आणि पदवी केंद्राकडेच ठेवा. आता मुलांचे क्रेडिट राष्ट्रीय क्रेडिट बँकेत जातात, तिथे विद्यापीठाकडून एकच तोंड असलेलं बरं. चार महाविद्यालयांनी चार पद्धतीने विषयांचे सांकेतिक क्रमांक पाडले की पुढचं वर्ष दुरुस्तीपत्रकं काढण्यात जातं.

माणसांचं जास्त अवघड आहे. अध्यापकांची पदं विभागाच्या नावे मंजूर असतात. विभाग दुसऱ्या महाविद्यालयात गेला की सेवाज्येष्ठता कुठे मोजायची, बिंदुनामावली, म्हणजे कितवं पद कोणत्या प्रवर्गाला राखीव याची क्रमवार यादी, कोणत्या एककावर चालवायची, हे प्रश्न उभे राहतात. आरक्षणाची बिंदुनामावली विभागनिहाय की संस्थानिहाय, यावर २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक धरलं आणि देशभर गोंधळ झाला. शेवटी २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा करून ते परत संस्थेच्या पातळीवर आणावं लागलं. कारण उघड आहे: एकक लहान केलं की दोन-तीन पदांच्या विभागात राखीव बिंदू येतच नाही. तुमच्या संस्थेला जो नियम लागू असेल तो असो, पण पुनर्रचनेच्या नावाखाली एकक लहान करू नका. केलंत तर लोक कोर्टात जातील, आणि त्यांनी जायलाच हवं.

लिपिकवर्गाची वाटणी तर कोणी विचारातच घेत नाही. चार महाविद्यालयं म्हणजे चार कार्यालयं, प्रत्येकी पाच माणसं, असं कागदावर सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज कसे पडताळायचे, त्रुटी कशी परत पाठवायची, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पोर्टल बसलं तर काय करायचं, हे सगळ्या संस्थेत एखाद्याच बाईंना माहीत असतं. आमच्याकडच्या त्या बाई एका महाविद्यालयाच्या वाट्याला गेल्या. उरलेल्या तीन महाविद्यालयांची मुलं दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी रांग लावायची आणि त्यांचे नवे साहेब त्यांना विचारायचे की तुम्ही दुसऱ्यांचं काम का करता. शेवटी शिष्यवृत्ती, पात्रता आणि भविष्यनिर्वाह निधी ही तीन कामं परत केंद्रात आणली. तुम्ही ती हलवूच नका.

महाविद्यालय प्रमुखाला म्हणायचं काय? हसू नका, यावरही बैठका जातात. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला 'प्राचार्य' म्हटलं की त्याला खालच्या पायरीवर उतरवल्यासारखं वाटतं, आणि 'संचालक' म्हटलं की बाकीच्यांना तो कंपनीचा वाटतो. 'अधिष्ठाता' ठेवलंत तर जुन्याच पदाची सवय नव्या अंगात येते. मला विचाराल तर नाव कोणतंही द्या, पण हा माणूस कुलगुरूंच्या साप्ताहिक बैठकीत बसला पाहिजे. तुमचे कुलगुरू एडिंबरा म्हणतात ना, तिथे २००२ मध्ये नऊ विद्याशाखांची तीन महाविद्यालयं केली. ग्लासगोत २०१० मध्ये नऊची चार. दोन्हीकडे महाविद्यालयाचा प्रमुख हा विद्यापीठाचा उपप्रमुखही असतो. नऊ जणांऐवजी तीन-चार जण वरच्या टेबलावर बसतात आणि प्रत्येकाच्या हातात मोठं अंदाजपत्रक असतं, ही त्या रचनेतली मुख्य गोष्ट. अ‍ॅबर्डीननेही २००३ मध्ये तीन महाविद्यालयं केली होती. नंतर तो मधला थर काढून टाकला आणि खालच्या शाखा थेट केंद्राशी जोडल्या. त्यामुळे 'परदेशात असंच असतं' असं कोणी म्हणालं तर कुठल्या साली, कुठल्या गावी, हे विचारायला हरकत नाही.

व्यवस्थापनाच्या मनातली एक भीती तुम्हाला कोणी स्पष्ट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. जास्त अधिकार दिले तर उद्या एखादं महाविद्यालय वेगळंच होईल. सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आधी संलग्न होतं, मग स्वायत्त झालं आणि २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, हे पुण्यातल्या प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक आहे. ती वाट वेगळी, तिच्यामागे शासन आणि विधिमंडळाचा कायदा होता. तुमच्या पोटातल्या महाविद्यालयाला ती वाट नाही. हे त्यांना शांतपणे, एका पानाच्या टिपणीत दाखवा. भीती गेली की अधिकाराच्या रकमा वाढतात, असा माझा अनुभव आहे.

जूनचं म्हणाल तर जूनमध्ये सगळं होणार नाही. होईल असं कोणी म्हणत असेल तर त्याने अजून एटीकेटीवाली मुलं मोजलेली नाहीत. जुन्या अभ्यासक्रमाची, विषय राहून मागे पडलेली मुलं पुढची तीन-चार वर्षं येत राहतात. पहिल्या संस्थेत एक मुलगा तीन वर्षांनी एका विषयाची परीक्षा द्यायला आला. त्याच्या गुणपत्रकावर जी विद्याशाखा छापलेली होती ती अस्तित्वात नव्हती. विभाग दुसऱ्या महाविद्यालयात गेला होता, विषयाचा क्रमांक बदलला होता, पेपर काढायला कोणी तयार नव्हतं. तो नोकरीला लागलेला होता, रजा काढून आला होता, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्या गुणपत्रकांच्या दोन-दोन झेरॉक्स. त्याला तीनदा यावं लागलं. विद्यापीठाच्या अध्यादेशात एक कलम असं हवं की जुन्या रचनेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची जबाबदारी, त्याची शेवटची परीक्षा होईपर्यंत, अमुक महाविद्यालयाची. विभागवार यादी जोडा, संदिग्ध ठेवू नका.

जूनपासून काय सुरू करता येईल? अधिकार प्रदानाचा तक्ता लगेच लागू करता येतो. त्यासाठी एकाही विभागाला हलवावं लागत नाही. आणि वर्षभर समांतर हिशेब ठेवा: खरा पैसा जुन्या पद्धतीनेच खर्च होईल, पण चार महाविद्यालयं असती तर कोणाच्या खात्यात काय जमा झालं असतं, ते दर तिमाहीला मांडा. दुसऱ्या तिमाहीपर्यंत कोण तोट्यात दिसतंय, कोणाचा विषय कोण पळवू बघतंय, वीजबिल कोणावर पडतंय, सगळं कळतं. तेव्हा ते कागदावर असतं, म्हणून दुरुस्त करता येतं. पहिल्या संस्थेत या वर्षात वाटपाचं प्रमाण दोनदा बदललं आणि एक महाविद्यालय कमी केलं, कारण त्याच्याकडे प्रमुखाच्या पगारापुरतंही उरत नव्हतं.

राहिलं मानसशास्त्र. त्यांनाच विचारा. विभागातल्या अध्यापकांना, ज्या दोन महाविद्यालयांत ते जाऊ शकतात त्यांच्या प्रमुखांसमोर बसवा आणि तीन गोष्टी लेखी मागा: प्रयोगशाळेला जागा कोण देतो, बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही चालू ठेवायला कोण तयार आहे, आणि संशोधन मार्गदर्शकांच्या रिकाम्या जागा कोण भरतो. जो लेखी देईल त्याच्याकडे जाऊ द्या. पाच वर्षांनी बदलायची मुभा ठेवा.

चौथी बैठक वाटणीवर ठेवू नका. नस्त्या काढायचा शनिवार ठरवा, आणि त्या दिवशी वित्त अधिकारी हजर हवेत, प्रतिनिधी नको. ते वेळ नाही म्हणाले तर फायली उचलून त्यांच्याच केबिनमध्ये बसा. टेबल मोठं असतं त्यांचं.